दिलेला विषय, शोधलेले चित्र
मासिक छायाचित्र स्पर्धा आणि कुंभारीचा परिसर

दर महिन्याला एक विषय जाहीर करायचा, त्या विषयावर हौशी छायाचित्रकारांकडून छायाचित्रे मागवायची आणि मुदत संपल्यावर परीक्षकांकडून त्यांतील उत्तम छायाचित्रे निवडून घ्यायची, असे मासिक विषयाधारित छायाचित्र स्पर्धेचे साधे स्वरूप आहे. छायाचित्रणावर ज्याचा चरितार्थ अवलंबून नाही तो हौशी, अशी व्याख्या सामान्यतः धरली जाते. त्यामुळे शिक्षक, परिचारिका, यंत्रमाग कामगार किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी असे कोणीही, हाती केवळ मोबाइल असला तरी, अशा स्पर्धेत उतरू शकतात. बक्षीस बहुधा लहान असते, पुष्कळदा नुसते प्रमाणपत्रच मिळते. तरीही ही प्रथा टिकून आहे, याचे कारण विषयाच्या अटीत आहे. मराठी काव्यपरंपरेतील समस्यापूर्तीत कवीला एक चरण दिला जातो आणि उरलेली रचना त्याला स्वतःच्या प्रतिभेने साधावी लागते. येथेही ‘सावली’, ‘श्रम’ किंवा ‘प्रतीक्षा’ एवढा एकच शब्द मिळतो आणि त्याचे चित्र कोठे आहे, हे छायाचित्रकाराला आपल्या परिसरात हिंडून शोधावे लागते.

सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे, कारण तेथे पर्यटकांचे कॅमेरे खेचून घेणारा धबधबा किंवा डोंगरी किल्ला नाही. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची सहकारी वसाहत याच गावात आहे आणि तिचे हस्तांतरण २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. त्यापुढचा ‘रे नगर’ हा असंघटित कामगारांचा तीस हजार घरांचा प्रकल्पही कुंभारीतच असून, त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थ्यांना देण्यात आली. एका बाजूस ज्वारीची शेते, दुसऱ्या बाजूस सारख्याच घरांच्या लांबच लांब रांगा, जवळच वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, आणि बोलण्यात मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी यांची सरमिसळ, असा हा परिसर आहे. देखाव्याचा आयता आधार येथे नसल्यामुळे, दिलेला विषय छायाचित्रकाराकडून नेमके काय करवून घेतो, हे अशा ठिकाणी अधिक स्पष्टपणे दिसते.

क्लबांची परंपरा

हौशी छायाचित्रणाचा महाराष्ट्रातील इतिहास जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. लंडनमध्ये १८५३ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ मुंबईत सुरू झाली. युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्या कामात सहभागी होते. या संस्थेशी संबंधित विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवले, ज्याच्या प्रत्येक अंकात मूळ छायाचित्रांच्या प्रती मजकुरासह दिल्या जात. ते काम मात्र सधन आणि फुरसत असलेल्या लोकांपुरतेच मर्यादित राहिले, कारण काचेची पट्टी रसायनाने माखून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुऊन काढणे हे खर्चाचे आणि दगदगीचे होते.

ही अडचण जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कॅमेऱ्याने दूर केली. १८८८ मधील त्या कॅमेऱ्यात शंभर छायाचित्रे मावणारे रीळ भरलेले असे आणि ते संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कारखान्याकडे धाडायचा असे; १९०० मध्ये एका डॉलरला मिळू लागलेल्या ब्राउनी कॅमेऱ्याने तर हा छंद मुलांच्याही हाती दिला. छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या वाढली, तशी चांगले आणि सामान्य यांतील फरक समजावून देणाऱ्या क्लबांची गरजही वाढली. मुंबईत १९३७ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५० मध्ये ‘फियाप’ हा छायाचित्र-संघटनांचा महासंघ आकाराला आला आणि १९५३ मध्ये भारतातील क्लबांना एकत्र आणणारे ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ सुरू झाले. या संस्थांच्या मान्यतेने भरणाऱ्या मोठ्या स्पर्धात्मक प्रदर्शनांना ‘सलोन’ म्हणतात आणि त्यांत निवडल्या गेलेल्या छायाचित्रांच्या हिशेबावर सन्मानपदव्या मिळतात. मासिक स्पर्धा ही या साखळीतील सर्वांत खालची, पण शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त कडी आहे, कारण सलोनचा निकाल बहुधा नुसत्या गुणांच्या रूपाने हाती येतो, तर क्लबाच्या बैठकीत परीक्षक छायाचित्र समोर ठेवून ते का घेतले आणि का वगळले हे सांगतो.

अलीकडे शहरातील क्लबाचे सभासद नसलेल्यांनाही ही वाट मोकळी झाली आहे. नियतकालिके आणि कॅमेऱ्यांच्या कंपन्या विषयवार स्पर्धा घेतात. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रभांडारावरही दरमहा विषय देऊन छायाचित्रे मागवली जातात आणि महिना संपल्यावर त्यांवर मतदान होते. कुंभारीतील एखाद्या मुलीला मुंबईच्या क्लबाच्या बैठकीला जाता आले नाही, तरी विषय आणि मुदत यांची शिस्त तिला घरी बसून मिळू शकते.

पहिली कल्पना सर्वांचीच

परीक्षणाची पद्धत समजली की तयारीची दिशा कळते. छायाचित्रांवरील नावे झाकलेली असतात. पहिल्या फेरीत प्रत्येक छायाचित्र काही सेकंदच पडद्यावर राहते आणि त्यातून मोठा भाग बाजूला काढला जातो. उरलेल्यांवर पुढच्या फेऱ्यांत गुण दिले जातात. सलोनमध्ये सामान्यतः किमान तीन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात आणि त्यांची बेरीज धरली जाते, तर मासिक स्पर्धेत पुष्कळदा एकच परीक्षक असतो आणि त्याची आवडनिवड निकालात उतरते. पण परीक्षक कोणीही असला तरी पहिल्या फेरीतील नकाराचे एक कारण बदलत नाही, ते म्हणजे तोचतोपणा. ‘पाणी’ म्हटले की पानावरचा थेंब, ‘वृद्धत्व’ म्हटले की सुरकुतलेला चेहरा, ‘प्रतीक्षा’ म्हटले की फलाटावरचा प्रवासी, ही चित्रे वाईट नसतात. पण विषय वाचताच जी कल्पना एकाला सुचते तीच शेकडो जणांना सुचलेली असते आणि त्या गर्दीत तंत्रशुद्ध छायाचित्रही पुसट होते. म्हणून अनुभवी स्पर्धक पहिली कल्पना कागदावर लिहून बाजूला ठेवतात, आणि तिच्यामागे विषयाचा कोणता अर्थ दडलेला आहे ते तपासून दुसरी किंवा तिसरी कल्पना हाती घेतात.

यासाठी विषयांचे तीन प्रकार ओळखणे उपयोगी ठरते. ‘दार’, ‘चाक’, ‘पाऊस’ हे वस्तुवाचक विषय असून त्यांत वस्तू दिसणे पुरेसे नसते, ती चित्राचा कर्ता व्हावी लागते. कोपऱ्यात दार असलेले व्यक्तिचित्र ‘दार’ या विषयात बसत नाही. ‘लाल’, ‘पुनरावृत्ती’, ‘सावली’ हे दृश्यगुणाचे विषय आहेत आणि त्यांत आशयापेक्षा रचनेची परीक्षा होते. ‘प्रतीक्षा’, ‘एकटेपणा’, ‘श्रम’ हे भाववाचक विषय सर्वांत अवघड, कारण न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या वस्तूंतून सुचवावी लागते आणि शीर्षकाच्या आधारावाचून ती परीक्षकापर्यंत पोहोचावी लागते.

कुंभारीच्या परिसरात हे तिन्ही प्रकार आजमावता येतात. ‘श्रम’ या विषयावर येथील पहिली कल्पना ठरलेलीच आहे: मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीचे हात. त्या चित्रात तथ्य आहे, पण ते इतक्या वेळा काढले गेले आहे की पाहणारा थांबत नाही. त्याच कामात तेंदूची पाने भिजवणे, कात्रीने ती मापात कापणे, तंबाखू भरून वळणे, दोऱ्याने बांधणे, मोजून जुड्या करणे आणि तयार माल कारखान्याकडे पोचवणे, असे अनेक टप्पे आहेत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने मोजणीच्या क्षणी चेहऱ्यावर जे उमटते, ते वळणीच्या क्षणी नसते. शिवाय हे काम घरातच चालते, म्हणजे स्वयंपाकाची भांडी, मुलाची पाटी-वही आणि विड्यांचे सूप एकाच चौकटीत येतात, आणि घर व कारखाना यांच्यातील ही पुसलेली सीमा ‘श्रम’ या शब्दाविषयी हातांच्या चित्रापेक्षा अधिक काही सांगते.

‘पुनरावृत्ती’ या विषयाला वसाहतीच्या रांगा जणू आयत्याच मिळतात. पण येथेही सारख्या घरांची लांब रांग ही पहिली कल्पना ठरते. नव्याने मिळालेले घर कुटुंबे हळूहळू आपलेसे करतात, कोणी भिंतीला वेगळा रंग देते, कोणी दारापुढे तुळस लावते, कोणी पत्र्याची पडवी काढते. अशा घरांमध्ये अजून काहीच न बदललेले एखादे घर शोधले, तर पुनरावृत्ती आणि तिचा भंग दोन्ही एकत्र दिसतात आणि चित्राला केंद्र मिळते.

‘सावली’ या विषयात भूगोलही मदतीला येतो. सोलापूरचे अक्षांश उत्तरेस सुमारे १७.७ अंश असल्यामुळे, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीस, वर्षातून दोनदा, सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशी नाहीशी होते. ऑगस्टमध्ये आभाळ बहुधा झाकलेले असते, पण मे महिन्यात विजेचा खांब, हापसा किंवा उभा माणूस सावलीविना टिपता येतो, आणि सावलीच्या स्पर्धेत सावलीचा अभाव दाखवणारे चित्र परीक्षकाला क्षणभर थांबवण्याची शक्यता अधिक असते. एरवी सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतरचे ऊन इतके कडक असते की उजळ भाग पांढरा पडतो आणि छायेतील तपशील काळा होतो. म्हणून सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास, ज्यात प्रकाश तिरपा आणि उबदार असतो, तोच कामाचा धरला जातो.

परिसर थोडा रुंदावला तर वर्षभराचे विषय हाती येतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते; उंच नंदीध्वज आणि ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी यांचे चित्र ‘उत्सव’ या विषयावर दरवर्षी निघतेच, पण ध्वज उतरल्यावर खांदा चोळत बसलेला मानकरी त्या उत्सवाचे वजन दाखवतो. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतात हुरडा भाजला जातो, आषाढात पालख्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जातात. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने वारी आणि तमाशा या विषयांवर वर्षानुवर्षे केलेले काम पाहिले, तर एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा गेल्याने त्याचे नवे अर्थ कसे उघडतात हे कळते; मासिक स्पर्धा ही त्या चिकाटीची लहान प्रमाणातील तालीम आहे.

कॅमेऱ्यातील तीन निर्णय

कल्पना ठरल्यानंतर तंत्राचा प्रश्न येतो आणि तो तीन निर्णयांत मांडता येतो. भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे ठेवले की मुख्य वस्तू तेवढी स्पष्ट राहून मागचा भाग धूसर होतो. पडदा उघडा राहण्याचा काळ, म्हणजे शटरचा वेग, कमी ठेवला की हालचाल रेषेसारखी पसरते आणि जास्त ठेवला की ती गोठते. दोरा बांधणाऱ्या बोटांची चपळाई दाखवायची असेल, तर सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा संथ शटर बोटे किंचित पुसट करतो, पण त्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर हवा. संवेदकाची प्रकाशग्राहकता, म्हणजे आयएसओ, वाढवली की अंधाऱ्या खोलीतही चित्र मिळते, मात्र त्यात कण दिसू लागतात. मोबाइलमध्ये हे निर्णय यंत्र स्वतः घेते, तरी ‘प्रो’ पर्यायात त्यांतील काही आपल्याकडे घेता येतात. डिजिटल झूम टाळून जवळ जाणे, आणि रुंद भिंगाने चेहरा ताणला जाऊ नये म्हणून व्यक्तीला चौकटीच्या कडेला न ठेवणे, ही पथ्ये मोबाइलधारकाने विशेष पाळावीत.

रचनेत काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे हा प्रश्न मोठा असतो. मागची केबल, अर्धवट कापलेली मोटारसायकल, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब यांकडे छायाचित्र काढताना लक्ष जात नाही. परीक्षकाची नजर मात्र प्रथम तेथेच जाते. दोन पावले सरकणे किंवा गुडघ्यावर बसणे हा नंतरच्या संगणकीय दुरुस्तीहून चांगला उपाय होय.

नियम आणि नीती

नियमपत्रक न वाचल्यामुळे बाद होणारी छायाचित्रे कमी नसतात. काही स्पर्धांत छायाचित्र त्याच महिन्यात काढलेले असावे लागते आणि त्याचा पुरावा ‘एक्झिफ’मध्ये, म्हणजे चित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपोआप नोंदवलेल्या तारीख, वेळ व मापांच्या माहितीत, तपासला जातो. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून धाडलेली प्रत आकाराने घटते आणि ही माहिती गमावते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवणे आवश्यक असते. मोनोक्रोम विभागातही गफलत होते: काळ्या-पांढऱ्या छायाचित्राला सर्वत्र एकाच रंगाची छटा दिली तर फियापच्या व्याख्येनुसार ते मोनोक्रोमच राहते, पण त्यातील एखादीच वस्तू रंगीत ठेवली की ते रंगीत विभागात जाते.

निसर्ग विभागाचे नियम सर्वांत कडक असतात, कारण तेथे चित्रातील घटक काढणे किंवा घालणे मान्य नसते. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र, तो लांडगा पाळीव असावा या परीक्षकांच्या निष्कर्षामुळे, जानेवारी २०१० मध्ये बाद ठरवण्यात आले. हे उदाहरण सोलापूरकरांना जवळचे वाटावे, कारण माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडगे आणि काळवीट आहेत. तेथे वन विभागाचे नियम पाळणे आणि घरट्याजवळ न जाणे ही स्पर्धेच्याही आधीची अट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने नवा प्रश्न उभा केला आहे: २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डॅग्सेन यांनी सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतील पारितोषिक, आपले चित्र संगणकाने निर्माण केलेले आहे असे जाहीर करून, नाकारले, आणि २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे यांनी रोहित पक्ष्याचे खरे छायाचित्र दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात धाडून ते निवडून आणले, तेव्हा खरे असल्याबद्दल ते बाद झाले.

माणसांची छायाचित्रे काढताना संमती हा शिष्टाचाराचा नव्हे, तर विश्वासाचा भाग असतो. विडी कामगार स्त्रीच्या घरात शिरणारा कॅमेरा तिच्या खासगी जागेत शिरत असतो. छायाचित्र कोठे जाणार आहे हे तिच्या भाषेत सांगून, नंतर त्याची छापील प्रत तिला आणून देणारा छायाचित्रकार पुढच्या महिन्यात पुन्हा त्या दारात उभा राहू शकतो. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी, आणि दारिद्र्य म्हणजे आशय असा समज कटाक्षाने टाळावा.

स्वतःच्या हक्काचाही विचार करावा लागतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढणारा हाच त्याचा कर्ता असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यापुढे साठ वर्षे टिकतो. काही आयोजक प्रवेश अर्जातील बारीक अक्षरांत सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क कायमचे मागून घेतात. केवळ स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापरण्याची परवानगी देणे आणि मालकीच सोडणे यांत मोठे अंतर आहे. कॉमन्ससारख्या मुक्त भांडारात छायाचित्र देणारा ते श्रेयासह कोणालाही वापरू देतो आणि ही परवानगी नंतर मागे घेता येत नाही, म्हणून तो निर्णय समजून-उमजून घ्यावा.

निकालानंतर

निकाल लागल्यावर बहुतेक स्पर्धक आपले नाव यादीत आहे की नाही एवढेच पाहतात, आणि शिकण्याची खरी संधी तेथेच निसटते. त्याच विषयावर निवडली गेलेली छायाचित्रे ओळीने पाहिली, तर आपल्याला न सुचलेले अर्थ समोर येतात, आणि आपले नाकारलेले चित्र त्या ओळीत ठेवून पाहिले की कमतरता कल्पनेत होती, प्रकाशात होती की कातरणीत, याचे निदान करता येते. परीक्षकाचे मत अंतिम मानण्याचे कारण नसते. पण दोन-तीन निराळ्या परीक्षकांनी एकाच दोषावर बोट ठेवले, तर तो दोष दुरुस्त करणे भाग असते.

स्पर्धेचा निवाडा मात्र मोजक्याच निकषांचा असतो. परीक्षक विषय, रचना आणि नावीन्य पाहतो. कुंभारीतील घराचे पहिले कुलूप, वसाहतीतील अर्धवट रस्ता किंवा विडीच्या घटत चाललेल्या धंद्यात शेवटपर्यंत टिकलेले एखादे सूप यांचे दस्तऐवज म्हणून असलेले मोल त्याच्या गुणपत्रिकेत येत नाही. त्यामुळे प्रत्येक महिन्याची निवडलेली आणि नाकारलेली छायाचित्रे तारीख, ठिकाण आणि चार ओळींच्या माहितीसह जपून ठेवणे हे हौशी छायाचित्रकाराच्या शिस्तीतच धरले पाहिजे. वर्षाअखेरीस त्याच्याकडे बारा विषय आणि एकच परिसर असतो. बारा वेगवेगळ्या प्रश्नांनी तपासलेली अशी एक वसाहत बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या छायाचित्रकाराला मिळत नाही, आणि मासिक स्पर्धेने दिलेले सर्वांत मोठे पारितोषिक बहुधा तेच असते.